पडवीतली दिल्ली

दमूताई रेडिओ उघडला की आधी त्याचा वास घ्यायच्या. मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढायच्या, डोळे मिटायच्या आणि वाकून नाक आत न्यायच्या. आमटी लागली की नाही ते एखादी सुगरण झाकण उघडताच ओळखते, तसं त्या रेडिओचं दुखणं ओळखायच्या. "ह्याचा ट्रान्सफॉर्मर तापलाय." "ह्याला नुसतं दमट लागलंय, उन्हात ठेवा." एकदा शेजारच्या दांडी गावच्या एका कोळ्याने भला थोरला रेडिओ डोक्यावरून आणला, तर वास घेऊन त्या म्हणाल्या, "ह्याच्यात पाल मेलीय. आदी बाहेर नेऊन झटका, मग माझ्याकडं आणा." त्याने अंगणात जाऊन झटकला. पाल पडली. रेडिओही लागला. तो माणूस पुढे वर्षभर सगळ्यांना सांगत होता की तारापूरच्या बायला नुसत्या नाकाने रेडिओ दुरुस्त करता येतो.

आम्ही तारापूरला राहायला गेलो तेव्हा अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. माझे यजमान तिथल्या स्टोअरमध्ये नोकरीला लागले होते. वसाहतीतली घरं अजून बांधून व्हायची होती, म्हणून गावात राऊतांच्या घरामागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या. मी कऱ्हाडकडची. समुद्र मी त्याआधी पाहिला नव्हता आणि रेडिओ दुरुस्त करणारी बाई तर ऐकलीही नव्हती.

राऊतांच्या घरात आई होत्या, त्यांची थोरली सून दमयंती, म्हणजे आमच्या दमूताई, आणि धाकटा मुलगा जगन्नाथ, त्याच्या बायकोसह. त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो. मागे नारळाची आणि पानवेलीची वाडी होती, ती भाऊच बघायचे. थोरला मुलगा विनायक नैरोबीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता, तो तिकडेच वारला. मूलबाळ नव्हतं. दमूताई एकट्या बोटीने परत आल्या, त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील.

त्या उंच होत्या, काटक होत्या, आणि चालताना एवढ्या ताठ असायच्या की गावातल्या बायकांना ते जरा खटकायचं. विधवा बाईने इतकं ताठ चालू नये, असं कोणी तोंडावर बोललं नाही तरी नजरेत दिसायचं. फिकट रंगाची पाचवारी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि डावा हात पाठीमागे. हा डावा हात हे त्यांचं मोठं वैशिष्ट्य. उघड्या यंत्रात हात घालायचा तर एकच, दुसरा पाठीशी ठेवायचा, हा नियम त्यांना शिकवला होता. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाली तर वाटेत काळीज लागतं." ही सवय इतकी अंगात मुरली होती की देवळात तीर्थ घेतानाही त्यांचा डावा हात आपोआप पाठीमागे जायचा.

शिकवणारा होता नैरोबीतला एक सरदारजी. राऊतांच्या बिऱ्हाडाखाली त्याचं रेडिओ-टेलिव्हिजनचं दुकान होतं. विनायकराव कामावर गेले की दुपारभर दमूताईंना घर खायला उठायचं. त्या जिन्यात बसून दुकान बघायच्या. बघता बघता एक दिवस सरदारजीने त्यांच्या हातात डाख द्यायची सळई दिली. पुढची सहा-सात वर्षं दमूताईंच्या दुपारी त्या दुकानात गेल्या. सरदारजी त्यांना 'भैनजी' म्हणायचा आणि चुकलं की भैनजी म्हणूनच रागवायचा.

"आदी बघायचं, मग ऐकायचं, मग हात लावायचा," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. सरदारजीचं पंजाबीतलं असावं, त्यांनी ते आपल्या बोलीत आणलं होतं. आणि दुसरं, "बिघाड एकाच जागी असतो, बाकी सगळं चांगलंच असतं. तेवढी जागा सापडली पायजे." हे त्या इतक्या विश्वासाने म्हणायच्या की ऐकणाऱ्यालाही धीर यायचा.

आपल्या कामाचं त्यांना स्वतःलाच कौतुक होतं, आणि ते त्या मुळीच लपवायच्या नाहीत. दुरुस्त झालेल्या रेडिओवर गाणं लागलं की समोरच्याकडे बघायच्या, तो काही बोलतो का म्हणून. नाही बोलला तर स्वतःच म्हणायच्या, "बघा, नवा होता तेवा बी असा वाजला नसंल." चिंचणीचे एक गृहस्थ एकदा म्हणाले, "बाई असून तुम्हाला हे जमतं म्हणजे कमालच आहे." दमूताईंनी स्क्रू पिळता पिळता उत्तर दिलं, "कोणी उघडलाय ते रेडिओला कुठं ठाऊक असतं?"

नैरोबीहून त्यांनी तीन वस्तू आणल्या होत्या. कपड्यांची एक पेटी, एक हातशिलाईचं मशीन आणि एक टेलिव्हिजन. मी पहिल्यांदा तो पडवीत गोणपाटाखाली पाहिला तेव्हा मला ते कपाट वाटलं. वर आई चिंच वाळत घालायच्या, आणि एक कोंबडी मागच्या बाजूला अंडी घालायची. मुंबईत तेव्हा टेलिव्हिजन आलेलाच नव्हता. आमच्या त्या सगळ्या पट्ट्यात, सफाळ्यापासून डहाणूपर्यंत, तो कशासाठी असतो हे दमूताईंशिवाय कोणाला नीट माहीत नव्हतं.

तो त्यांनी कशाला आणला, हे एकदा मी विचारलं होतं. त्यांनी वरचं गोणपाट सारखं केलं. मग म्हणाल्या, "हे कामावरनं आले की बूट बी न काढता त्याच्यासमोर बसायचे. कोणी गिऱ्हाईक मोडका टाकून गेलेलं, सरदारजीनं मला दिला, मी तो चालू केला. ह्यांनी सगळ्या चाळीत सांगितलं, माझ्या बायकोनं केलाय म्हणून." बोटीच्या पोटातल्या खाऱ्या दमट हवेत तो बंद पडला. तारापूरला आणून लावला तेव्हा त्यातून धूरसुद्धा निघाला नाही. आतला एकही दिवा पेटला नाही.

माझ्या समोर घडलं ते इथून पुढचं.

दमूताईंकडे रेडिओ घेऊन येणारी माणसं वाढू लागली होती. बांधकामावर देशभरातले मजूर आले होते, त्यांच्याकडेही रेडिओ असायचे. पण ही सगळी पुरुषमंडळी, आणि ती पडवीत येऊन बसायची. भाऊंना ते आवडत नव्हतं. भाऊ वाईट माणूस नव्हते. पण गावात तोंड त्यांना दाखवायचं होतं, आणि पडवी त्यांना खरोखरच हवी होती. पावसाच्या तोंडावर जळण, पेंढा, गोवऱ्या सगळं तिथेच रचायचं असायचं. फेब्रुवारीच्या सुमारास एका सकाळी ते अंगणातूनच म्हणाले, "वयनी, यंदा पडवी मोकळी करा. तुमचं ते रेडिओचं बी आता पुरे झालं. आणि तो पेटारा मोडून मला त्याच्या फळ्या द्या, कोंबड्यांचं खुराडं होईल."

दमूताई चहा गाळत होत्या. त्यांनी गाळणं खाली ठेवलं.

"तो पेटारा नाय. चालतो तो."

"चालतो तर चालवून दाखवा."

"दाखवीन."

"कदी? आमी म्हातारे झाल्यावर?"

"पावसाच्या आत. त्याच्यात चित्र आलं तर पडवी माझी. दुकान म्हणून. कोणी काय बोलायचं नाय. नाय आलं तर तुमी फळ्या घ्या, मी रेडिओला हात लावणार नाय."

मी मागच्या दारात उभी होते. मुंबईत टेलिव्हिजनचं केंद्रच नाही हे मला यांच्याकडून, म्हणजे माझ्या यजमानांकडून, कळलं होतं. चित्र येणार कुठून? भाऊंनाही ते ठाऊक असणार. ते हसून "बरं" म्हणाले आणि वाडीत गेले. आईंनी सुनेकडे बघून कपाळावर हात मारला.

त्या दुपारी मी दमूताईंना विचारलं, "ताई, पण चित्र पाठवणारं कोण आहे इकडे?"

"ते मागनं बघू. आदी डबा तर बरा करू." त्यांनी गोणपाट ओढलं, चिंच सुपात काढली आणि कोंबडीला हुसकावलं.

पुढचे तीन महिने त्या पडवीत मी जे बघितलं ते मला आजही नीट आठवतं. त्यांनी मागचं झाकण काढलं आणि काम सुरू करण्याआधी एक दिवस नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशने धूळ, मीठ आणि कोंबडीची पिसं काढली. मग तळाला किड्यासारखे बारीक पाय असलेले काचेचे व्हॉल्व्ह एकेक करून उपसले आणि पाटावर ओळीने मांडले. "हे सगळे एका माळेत असतात," त्या म्हणाल्या. "एक मेला की सगळे विझतात. कुठला मेलाय तेवढंच शोधायचं." विजेरीचा सेल आणि छोटा दिवा वायरीला जोडून त्यांनी प्रत्येक व्हॉल्व्ह तपासला. दिवा पेटत गेला, पेटत गेला, आणि एकापाशी पेटला नाही. त्यांनी तो व्हॉल्व्ह उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "हा बघ चोर."

नवा व्हॉल्व्ह यांनी मुंबईहून आणून दिला. तो बसवला आणि आतले सगळे दिवे मंद तांबूस पेटले. मला वाटलं झालं काम. पण पडदा काळाच. दमूताई मात्र पडद्याकडे बघतच नव्हत्या. मान वाकडी करून ऐकत होत्या.

"शीळ नाय," त्या म्हणाल्या.

टेलिव्हिजन नीट चालू असला की आतून एक अगदी बारीक शीळ येते म्हणे. ती नाही म्हणजे पडद्याला लागणारी जोराची वीज तयार होत नाही. पुढचे कितीतरी दिवस त्या शिळेच्या मागे होत्या. एकदा काहीतरी चुकीचं जोडलं गेलं आणि आत फाटकन आवाज होऊन पांढरा धूर निघाला. आई देवघरातून धावत आल्या. दमूताई धूर हातानं वारत म्हणाल्या, "माझीच चूक. उलटा जोडला." एवढं बोलून पुन्हा पाटावर बसल्या. चूक झाली की त्या कधी बिघाडाला किंवा नशिबाला दोष द्यायच्या नाहीत. पण चेहरा दिवसभर उतरलेला राहायचा, आणि अशा दिवशी त्या जेवायच्या कमी.

टीव्ही बंद केल्यावरही त्या लगेच आत हात घालायच्या नाहीत. स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून त्याचं टोक पडद्याच्या काचेच्या मागे एका जागी टेकवायच्या. चट्ट असा आवाज व्हायचा. "बंद केलं तरी ह्याच्या पोटात वीज राहते. ती आदी उतरवायची." त्या वेळी त्या मला उंबऱ्याच्या आत उभं करायच्या.

एका सकाळी मी भाकरी थापत असताना कानात डास गुणगुणावा तसा आवाज आला. मी पिठाच्या हातानेच बाहेर गेले. "ताई, काहीतरी वाजतंय."

दमूताईंचा चेहरा असा फुलला होता की बस. "तुला ऐकू येते? आईंना नाय येत. भाऊंना बी नाय येत. मला वाटलं मलाच भास होतोय."

पडद्याच्या मधोमध एक पांढरी झगझगीत आडवी रेघ उमटली होती. तेवढीच. त्यांनी झटकन बटण फिरवून ती मंद केली, कारण रेघ तशीच राहिली तर पडदा तेवढ्या जागी जळतो. त्यांच्या मते आता एकच काम उरलं होतं. ती रेघ वरखाली ताणून पडदाभर पसरवायची. ज्या ट्रान्सफॉर्मरने ते व्हायचं त्याची तार आतून खाऱ्या हवेने तुटली होती, आणि तो ट्रान्सफॉर्मर मुंबईत मिळेना. यांनी दोनदा चौकशी केली. दुकानदार विचारायचा, "टेलिव्हिजनचा? तो इकडे कोणाकडे आहे?"

मग दमूताईंनी तो स्वतः भरायचं ठरवलं. केसाहून बारीक तांब्याची तार. शिलाई मशीनच्या चाकाला त्यांनी लाकडाचा ठोकळा बसवला आणि एका हाताने चाक फिरवत, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तार सोडत, वेढ्यावर वेढा घालायला लागल्या. या कामाला मात्र दोन्ही हात लागायचे. मला वाटतं पाठीमागचा तो हात पुढे आला की त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. बोलायचं नाही, हाक मारायची नाही. एकदा भरत आलेलं वेटोळं अगदी शेवटाशी येऊन तुटलं. त्या उठल्या, वाडीत गेल्या आणि बराच वेळ पानवेलींना पाणी घालत राहिल्या. भाऊ त्यांना बघत बांधावर उभे होते. संध्याकाळी दमूताई परत येऊन पाटावर बसल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

पडदा पूर्ण उजळला तो दिवस एप्रिलच्या अखेरीचा होता. मागून बटणं फिरवताना पुढचा पडदा दिसत नाही, म्हणून माझ्या लग्नातला मोठा आरसा मी समोर धरून उभी राहायची. त्या दिवशी आरशात बघून त्या म्हणाल्या, "भरला." खरंच, पडदाभर काळेपांढरे ठिपके नुसते उकळत होते, आणि भोंग्यातून पावसासारखी खरखर येत होती.

भाऊंना बोलावलं. ते कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "ह्या तर मुंग्या हायत. चित्र कुठाय?"

"चित्र पाठवणारं केंद्र लागलं की येईल."

"मग आणा केंद्र," भाऊ म्हणाले. "बोलणं चित्राचं झालंय."

ते चुकीचं बोलत नव्हते, आणि दमूताईंनी वाद घातला नाही.

इथे यांची मदत झाली. कामावर दिल्लीकडचा एक तरुण इंजिनिअर होता. दिल्लीत तेव्हा टेलिव्हिजन सुरू झाला होता. यांनी गोष्ट सांगितली तशी तो रविवारी सायकलवरून घरी आला. त्याने टेलिव्हिजन मागून बघितला, ते हाताने भरलेलं वेटोळं बघितलं, आणि पायातले बूट काढून दमूताईंच्या समोर जमिनीवरच बसला. दोघं दुपारभर हिंदीत बोलत होती. त्याने सांगितलं की उन्हाळ्याच्या शेवटी कधी कधी वरच्या हवेत असं काही होतं की फार लांबची लहर वर आदळून पुन्हा खाली येते. हजार मैलांवरूनही येते. त्याने स्वतः पाहिलेलं नव्हतं, हौशी रेडिओवाल्या मित्राकडून ऐकलं होतं. येईलच असं नाही, आणि आली तरी घटकाभर टिकेल.

"किधर से आएगी?" दमूताईंनी विचारलं.

त्याने वाडीतल्या नारळांवरून उत्तरेकडे बोट केलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी खिडकीच्या पडद्यांच्या जुन्या धातूच्या दांड्यांचा एरियल तयार केला आणि नारळ पाडणाऱ्या कातकऱ्याला गाठलं. तो झाडावर चढून बांधत असताना खालून त्या ओरडत होत्या, "अजून जरा डाव्या अंगाला. नाय, एवढा नाय." तेव्हापासून रोज दिवेलागणीच्या आधी त्या पडवीत टीव्ही लावून बसू लागल्या. समोर मुंग्या. त्या बटण हळूहळू फिरवायच्या आणि बघत राहायच्या. गावातली दोन-चार माणसं सुरुवातीला येऊन बसायची, मग यायची बंद झाली. नाक्यावर थट्टा चालायची, राऊतांची सून मुंग्या बघते म्हणून. आईंनाही ते कळलं. त्या एकदा माझ्याजवळ म्हणाल्या, "पोर गेला तवापासनं ही अशीच झालीय. रागावू तरी कशी?"

मे महिना संपत आला. अंगणात जळण येऊन पडलं. भाऊंनी मोळ्या पडवीच्या पायरीला टेकवून ठेवल्या होत्या.

त्या दिवशी भाऊ आणि त्यांची बायको सफाळ्याला लग्नाला गेले होते. हवा पडलेली, पानही हलत नव्हतं. आई पडवीत सुकट निवडत बसल्या होत्या, मी त्यांना मदत करत होते. दमूताई नेहमीप्रमाणे समोर. आणि खरखर एकदम थांबली.

अगदी थांबली. भोंग्यातून तंबोरा वाजल्यासारखा आवाज आला, गेला, पुन्हा आला. पडद्यावरच्या मुंग्या दोन्ही बाजूंना सरल्या आणि मधून एक तोंड वर आलं. बाईचं. ते वर सरकत सरकत निघून गेलं आणि खालून पुन्हा आलं.

दमूताई उठल्या त्या थेट मागच्या बाजूला गेल्या. चित्र धरून ठेवायचं बटण मागे होतं. डावा हात पाठीशी, उजवा आत. "धरलं का? सुमन, धरलं का?"

"वर जातंय ताई. अजून. अजून. थांबा. आता थांबलं."

बाई गात होती. तिच्यामागे तंबोरा घेतलेली आणखी एक बसली होती. चेहरा मधूनच पाण्यात पडल्यासारखा थरथरायचा, दोन व्हायचे, पुन्हा एक व्हायचा. आईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. त्या बाईने गाता गाता समोर बघितलं, म्हणजे आमच्याकडेच, आणि आईंनी पटकन डोक्यावरून पदर घेतला.

"कोण गो ही?"

"दिल्लीची आहे, आई."

"दिल्लीची? आणि इथं कशी?"

मागून दमूताई विचारत होत्या, "काय दिसतं? बोला की कोणीतरी. काय दिसतं?" बटण सोडलं असतं तर चित्र गेलं असतं. त्यांना पुढे येता येत नव्हतं. तीन महिने त्या ज्याच्यासाठी बसल्या होत्या ते समोर आलं होतं आणि त्यांना दिसत होता फक्त डब्याचा पाठचा भाग. मी नुसती "बाई आहे, गातेय" एवढंच म्हणत राहिले.

आई उठल्या. गुडघ्यांवर हात टेकून त्या आमच्या खोलीत गेल्या आणि भिंतीवरचा आरसा काढून घेऊन आल्या. पदर डोक्यावर तसाच. टेलिव्हिजनसमोर उभ्या राहून त्यांनी आरसा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि म्हणाल्या, "दमे, बघ. तुझी बाय बघ."

दमूताईंनी मान वाकवून आरशात पाहिलं. मला आई आणि दमूताई दोघी दिसत होत्या. दमूताई रडल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी फक्त एकदा पाहिलं होतं, माझ्या धाकट्या भावाला मॅट्रिकला नंबर मिळाला तेव्हा वडिलांच्या चेहऱ्यावर. "बूट काढा आदी," त्या एवढंच पुटपुटल्या. ते आम्हा दोघींपैकी कोणाला नव्हतं.

गाणं संपायच्या आत चित्र पातळ होत गेलं आणि मुंग्या परतल्या. आईंनी आरसा अजून तसाच छातीशी धरून ठेवला होता. मी तो घेतला.

भाऊ दुसऱ्या दिवशी आले. मी उत्साहाने सांगायला गेले तर ते ऐकून म्हणाले, "मी नव्हतो तेवा बरी आली दिल्ली." शब्द दमूताईंनी दिला होता आणि साक्षीला मी, भाडेकरू, परकी. मला वाटलं, गेलं सगळं.

आई ओटीवर होत्या. म्हणाल्या, "मी बघितली."

"आये, तुला त्यातलं काय समजतं?"

"पेटीतलं मला काय बी समजत नाय. बायमाणूस समजतं. माझ्याहून थोडी लहान होती. कानात कुड्या होत्या. वर सूर लावताना एक डोळा बारीक करत होती. मागं बसलेली पोर अवघडून बसलेली, पाय दुखत असतील तिचे. हे काय मी मनानं सांगते?" आणि मग, "तुझ्या भावाला ठाऊक होतं हिला काय येतं ते. आता मला बी ठाऊक झालं."

भाऊ अंगणात गेले आणि पायरीला टेकवलेल्या मोळ्या एकेक उचलून घरामागे न्यायला लागले. मोळ्या झाल्यावर नारळीच्या झापांचं छप्पर घालून त्यांनी मागे जळणासाठी आडोसा केला. पडवीला बाकडंही त्यांनीच ठोकलं. पाटी रंगवून आणायची म्हणून विचारलं, "वयनी, नाव कोणाचं घालायचं?"

"माझंच घाला," दमूताई म्हणाल्या. "दुसरं कोणाचं घालणार?"

दिल्ली पुढे त्या जूनमध्ये एक-दोनदा धूसर सावलीसारखी येऊन गेली, मग नाहीच. बोईसर-चिंचणीहून माणसं बघायला यायची. दमूताई त्यांना सरळ सांगायच्या, "ती बोलावून येत नाय. रेडिओ असला तर आणा." आणि ते आणायचे. बांधकामावरचा एखादा बिहारी मजूर दबकत विचारायचा, "माताजी, इसमें हमारा पटना लगेगा?" त्या म्हणायच्या, "लगेगा. तार ऊँचा बाँधो." अशा माणसाचं गाव लागलं की त्या हातातलं काम थांबवून त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायच्या. ज्या नाक्यावर मुंग्यांची थट्टा झाली होती, तिथे आता कोणी नवखा रेडिओवाल्याचं घर विचारू लागला तर लोक दुरुस्त करायचे, "वाला नाय, वाली." आणि राऊतांच्या घरापर्यंत सोडायला यायचे. मी माहेरी गेले की आईपाशी, शेजारणींपाशी त्यांच्याच गोष्टी सांगायची. माझी घरमालकीण, असं म्हणताना माझी मानही जरा ताठ व्हायची.

अणुवीज केंद्र सुरू व्हायच्या सुमारास यांची बदली झाली आणि आम्ही तारापूर सोडलं. निघायच्या सकाळी दमूताई घरात नव्हत्या. कामासाठी पहाटेच बोलावणं आलं होतं, एवढं आईंनी सांगितलं. मी जरा खट्टू होऊन एस.टी.त बसले. खाडीपाशी गाडी गुरांसाठी थांबली, आणि मी खिडकीतून पाहिलं.

ओहोटी होती. चिखलातून दमूताई चालल्या होत्या, साडीचा काचा मारलेला, हत्यारांची पेटी डोक्यावर. पुढे एक मचवा समुद्रावर निघायच्या तयारीत पाण्यात उभा होता. त्यावरचा रेडिओ बंद पडला असणार, आणि हवामानाची बातमी ऐकल्याशिवाय ते निघत नव्हते. दोन कोळी पाण्यात उतरले आणि पेटी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी मान हलवून नकार दिला आणि पेटीसकट स्वतःच फळीवरून वर चढल्या. मचव्यावरचे सगळे बाजूला सरले. मचव्याचा प्रमुख, म्हातारा तांडेल, सुकाणूपाशी बसला होता. तो उठला, आपली बसायची जागा हाताने पुसली आणि त्यांना बसायला दिली.